‘चेकिंग आमच्याकडून फ्री’

ते उत्तर मीच टाइप केलं होतं, हे आधी कबूल करतो.

बार्देशात एका जुन्या घराची डागडुजी चालली होती. मालक परदेशात, त्याचा आर्किटेक्टही तिकडचाच. दारांच्या चौकटी नव्यानं करायच्या होत्या आणि कुणीतरी त्यांना आमच्या बाबांचं नाव सुचवलं. बाबा सत्तरी तालुक्यातले जुने मेस्त. (सुताराला आमच्या गोव्यात मेस्त म्हणतात, पोर्तुगीज गेले, शब्द राहिला.) आर्किटेक्टचा मेल माझ्या फोनवर आला, कारण घरात मेल उघडणारा मी एकटाच. चार ओळींचा मेल. त्यातल्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत: ‘सीझन्ड टिंबर ओन्ली, नो ग्रीन स्टॉक. फ्री फ्रॉम शेक्स अँड ओपन चेक्स, टाइट नॉट्स ॲक्सेप्टेबल.’

एकही शब्द अवघड नव्हता, तिथंच घात झाला. ग्रीन म्हणजे हिरवा. चेक म्हणजे तपासणं, नाहीतर बँकेतला. शेक म्हणजे हलवणं. अवघड शब्द असता तर मी डिक्शनरी उघडली असती, निदान कुणाला विचारलं असतं. इथं अर्धा तास विचार केला, बाबा शेजारीच रंधा मारत होते त्यांना काहीही विचारलं नाही, आणि लिहून टाकलं: ‘सर, वुई हॅव नो ग्रीन कलर, ऑल वुड इज ब्राऊन. चेकिंग इज फ्री फ्रॉम अवर साइड.’

पुन्हा मेल आला नाही. तीनेक आठवड्यांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्या घराची राखण करणारा माणूस भेटला. काम मडगावच्या कुणाला तरी गेलं होतं. ‘तुमचा मेल वाचून साहेब खूप हसले,’ तो म्हणाला. ‘मग म्हणाले, ओलं लाकूड कशाला म्हणतात हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याकडून दारं कशी करून घ्यायची?’

‘ग्रीन’ म्हणजे ओलं, हे मला त्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशेजारी उभं असताना कळलं. ताज्या तोडीचं, अंगातलं पाणी न गेलेलं लाकूड. बाकीच्या शब्दांचा उलगडा व्हायला आणखी काही महिने गेले. ‘चेक’ म्हणजे लाकूड सुकताना, बहुतेक वेळा टोकाकडून, रेषांच्या दिशेनं जाणारी चीर. ‘शेक’ त्याहून वाईट: झाड उभं असतानाच किंवा पाडताना आत वलयांच्या मधून सुटलेली फट. ‘टाइट नॉट’ म्हणजे घट्ट बसलेली, पुढं गळून न पडणारी गाठ.

बाबांना यातलं काय माहीत नव्हतं? आमच्या माडीवर तेव्हाही फणसाच्या फळ्या रचलेल्या होत्या, दोन पावसाळे खाल्लेल्या, दोन फळ्यांच्या मधून वारा जावा म्हणून पट्ट्या घातलेल्या, आणि टोकं चिरू नयेत म्हणून टोकांना रंग फासलेला. ज्या माणसानं चीर पडू नये म्हणून एवढं केलं होतं, त्याच्या वतीनं त्याच्या मुलानं ‘चेकिंग फ्री’ असं कळवलं. बाबांना मी हे लगेच सांगितलं नाही. ते कसं कळलं ते पुढं येईलच.

इथं आमच्या शिक्षणाबद्दल एक सांगायला हवं. गोव्यात सरकारी मराठी शाळेत चौथीपर्यंत सगळं मराठीत असतं आणि पाचवीला गेलात की एका जूनमध्ये गणित, विज्ञान, भूगोल सगळं इंग्रजीत होतं. त्या जूनमध्ये वर्गातली निम्मी मुलं गप्प होतात. त्यातली काही दहावीपर्यंत गप्पच राहतात. मी गप्प राहूनच दहावी झालो आणि आयटीआयला कार्पेंटर ट्रेड घेतला. म्हणजे मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. फोटोसिंथेसिसची व्याख्या मी आजही झोपेत सांगेन. फक्त समोर पडलेल्या फळीबद्दल मला इंग्रजीत एक धड वाक्य बोलता येत नव्हतं.

वर्गाची बातमी वनखात्यातल्या एका मित्राकडून आली. फोंड्यात, शनिवारी दुपारी अडीच ते साडेपाच, एकूण सोळा शनिवार. वनीकरण आणि लाकूडकाम करणाऱ्यांसाठी व्यावसायिक इंग्रजी. वाळपईहून उसगावमार्गे फोंड्याला जाणारी कदंबा बस मी त्या चार महिन्यांत इतकी वेळा धरली की कंडक्टर माझं तिकीट न विचारता फाडायचा.

आम्ही अकरा जण. तीन फॉरेस्ट गार्ड, रोपवाटिकेत काम करणारे दोघे, फर्निचरच्या कारखान्यातले तिघे, दोडामार्गहून मोटरसायकलनं येणारा एक लाकडाचा व्यापारी, वनशास्त्राची पदवी घेऊन परदेशात पुढं शिकायला जायच्या तयारीतली काणकोणची एक मुलगी, आणि मी. शिकवायला टीचर होत्या. (गोव्यात बाई म्हणत नाहीत, टीचरच.) मूळच्या सासष्टीच्या, आयुष्यभर हायर सेकंडरीला इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, ‘इंग्लीश म्हाका येता, लांकूड तुमकां.’ आम्हाला वाटलं विनयानं बोलतायत. नाही, खरंच त्यांना सागाची आणि आंब्याची फळी ओळखता येत नव्हती.

पहिले तीन शनिवार फुकट गेले असं माझं स्पष्ट मत आहे. आयोजकांनी एक पुस्तिका वाटली होती, ती कुठल्यातरी थंड देशातल्या वनविद्यार्थ्यांसाठी केलेली. स्प्रूस, पाइन, बर्च. बर्फात ओंडके ओढणारी यंत्रं. एका धड्यात ‘हार्वेस्टर’ आणि ‘फॉरवर्डर’ अशा दोन यंत्रांची चित्रं होती. पहिलं झाड कापून, फांद्या सोलून, तुकडे करतं आणि दुसरं ते तुकडे उचलून रस्त्यापर्यंत नेतं. मोल्याचा गार्ड म्हणाला, ‘आमच्याकडे फॉरवर्डर म्हणजे व्हॉट्सॲपवर सकाळी सुविचार पाठवणारा.’ टीचर प्रामाणिकपणे धडे घेत राहिल्या, आम्ही रिकाम्या जागा भरत राहिलो. ‘द ट्री इज डॅश बाय द मशीन.’

चौथ्या शनिवारी मी पिशवीभर तुकडे घेऊन गेलो. कसली युक्ती नव्हती. सकाळी घाईत कामावरून थेट बस पकडली आणि हातात ती पिशवी होती, एवढंच. टीचरनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि एक तुकडा बाहेर काढला. ‘हें कितें?’

‘फणस.’

‘आणि ही रेघ?’

‘चीर.’

‘कशानं पडली?’

मग मी बोलत सुटलो, अर्थात कोकणी-मराठीत. टोकाकडून पाणी लवकर जातं, मधलं लाकूड अजून ओलंच असतं, बाहेरचं आकसायला बघतं, आतलं त्याला आकसू देत नाही, म्हणून फाटतं. टीचर फळ्यावर इंग्रजीत उतरवत गेल्या आणि प्रत्येक वाक्याला मला थांबवून विचारत गेल्या: हे असंच का? नक्की आकसतं, की वाळतं? ‘श्रिंक’ आणि ‘ड्राय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की एकच? मला हसू आलं. वेगळ्याच की! ओल्या लाकडातलं मोकळं पाणी जात असतं तोवर ते आकसत नाही. साधारण तीस टक्क्यांच्या खाली आलं, पेशींच्या भिंतीतलं पाणी निघायला लागलं, की मग आकसायला लागतं. हे मी आयटीआयच्या पुस्तकात ‘फायबर सॅच्युरेशन पॉइंट’ म्हणून पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते आणि माडीवरच्या फळ्या हे एकाच गोष्टीबद्दल आहे असं मनात कधी आलं नव्हतं.

त्या दिवसापासून पुस्तिका बंद. प्रत्येकानं आपापल्या कामातली वस्तू, कागद नाहीतर तक्रार आणायची, आणि तिच्यावर तीन तास.

कारखान्यातल्या एकानं बँडसॉचं, म्हणजे पट्टा-करवतीचं, मॅन्युअल आणलं. मॅन्युअलचं इंग्रजी मला आवडतं, कारण ते लाजत नाही. कर, करू नकोस, आधी हे बघ. ‘शॅल’ आलं की ते सक्तीचं, ‘शुड’ आलं की केलेलं बरं, ‘मे’ आलं की तुमची मर्जी. आमच्या आयटीआयच्या भाषांतरात तिन्हींना ‘करावे’ असंच होतं. त्याच मॅन्युअलमध्ये पात्यावरच्या संरक्षक झाकणाबद्दल वाक्य होतं, ‘द गार्ड शॅल बी इन प्लेस ॲट ऑल टाइम्स.’ तिन्ही फॉरेस्ट गार्ड एका सुरात म्हणाले, ‘आम्ही आणखी काय करतो?’ पुढची दहा मिनिटं वर्ग झालाच नाही.

पण गार्डांचे कागद निघाले आणि हसणं थांबलं. त्यांचे रिपोर्ट इंग्रजीत जातात. त्यातल्या एकानं जुना रिपोर्ट आणला होता, नावं झाकून. त्यात लिहिलं होतं की अमुक सर्व्हे नंबरमध्ये ‘टू ट्रीज फेल’. टीचरनी विचारलं, वादळात पडली का? तो म्हणाला, नाही हो, रात्री कुणीतरी कापून नेली. मग टीचरनी खडू खाली ठेवला. ‘फॉल, फेल, फॉलन’ म्हणजे पडणं. ‘फेल, फेल्ड, फेल्ड’ म्हणजे पाडणं. एकाचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमान अगदी सारखा दिसतो. गोव्यात १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे. वाऱ्यानं पडलेल्या झाडाचा गुन्हा कुणावर लावणार? एका ‘एड’साठी तोडलेली दोन झाडं कागदावर वाऱ्यानं पाडली होती.

तो गार्ड बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं वहीत तीन ओळी उतरवल्या, त्या मी त्याच्या परवानगीनं उतरवून घेतल्या. झाड पडलं. झाड पाडलं गेलं. अज्ञात व्यक्तीनं झाड पाडलं. आम्हाला शाळेत कर्मणी प्रयोग शिकवला होता तो ‘रामाने रावण मारला’ असा. तो कशासाठी असतो, हे त्या दिवशी दिसलं: तोडणारा माहीत नाही, पण तोड झाली हे तर सांगायचंच आहे.

आगीचाही असाच एक शनिवार. मार्च २०२३मध्ये म्हादईच्या रानात आणि गोव्यात इतरत्र आगी लागल्या तेव्हा आमच्यातले दोन गार्ड डोंगरावर होते. एकाचे हात अजून खरखरीत. त्यानं तेव्हा फोनवरून वर कळवलं होतं, ‘फायर इज कंट्रोल्ड’, कारण त्याला म्हणायचं होतं की आता ती पुढं सरकत नाहीये. पण सरकत नाही म्हणजे ‘कंटेन्ड’: भोवतीनं जाळरेषा काढून तिला कोंडलंय, आत ती जळतेच आहे. ‘कंट्रोल्ड’ त्याच्या पुढची पायरी, आता ती रेषा ओलांडून यायची भीती नाही. आणि पूर्ण विझली की ‘आउट’. मधल्या काळात ओंडक्याखालचे निखारे शोधून शोधून विझवायचे, त्याला ‘मॉप-अप’. आम्हाला मॉप म्हणजे लादी पुसायचा. तो म्हणाला, खरंच लादी पुसल्यासारखंच असतं ते, फक्त डोंगर असतो आणि पाणी पाठीवर असतं. त्याच्या त्या फोनमुळे पुढं काय झालं, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मोजमापाचे दोन शनिवार दोडामार्गच्या व्यापाऱ्यानं गाजवले. उभ्या झाडाचा व्यास छातीच्या उंचीवर मोजतात हे सगळ्यांना ठाऊक. कुणाच्या छातीच्या? भारतात जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट. पुस्तिकेत मात्र १.३ होतं, कारण बऱ्याच देशांत तेच चालतं. सात सेंटिमीटरनं काय बिघडतं असं आम्ही म्हणालो, पण काणकोणच्या मुलीचा चेहरा पडला. तिनं परदेशातल्या अर्जात आपल्या मोजणीचे आकडे उंची न लिहिता दिले होते. उतारावरच्या झाडाला वरच्या अंगानं मोजायचं हेही तिनंच सांगितलं. सत्तरीत सपाट जागेवरचं झाड शोधावं लागतं, तेव्हा हे आमच्या कामाचं.

व्यापारी ओंडके विकत घेतो ते चौथाई घेराच्या हिशेबानं. घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका म्हणजे दहा घनफूट. काणकोणच्या मुलीनं फळ्यावर वर्तुळाचं सूत्र लावून दाखवलं की त्यात खरं लाकूड १२.७३ घनफूट असतं. कारखान्यातला एक जण उठून उभाच राहिला: म्हणजे तुम्ही शेतकऱ्याचं पावणेतीन घनफूट खाता! व्यापारी शांत. ‘ते हॉपस फूट,’ तो म्हणाला, ‘माझ्या आजाच्या आधीपासून चालतंय.’ खरंच, हॉपस नावाच्या इंग्रजानं १७३६मध्ये काढलेल्या कोष्टकांवरून ते नाव पडलंय. घरी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, साल, वाकडेपणा आणि करवतीत जाणारा भुसा त्यात आधीच वजा धरलाय, तेव्हा बोंब मारू नका. तरीही परदेशी माणसाशी बोलताना कोणता घनफूट हे सांगितल्याशिवाय दर सांगू नये, एवढं मी शिकलो. तसंच अमेरिकन माणूस ‘टू बाय फोर’ म्हणाला तर त्याला दोन इंच बाय चार इंच नको असतं; रंधा मारून झाल्यावरचं दीड बाय साडेतीन हवं असतं. नाव एक, माप दुसरंच.

ओलाव्याच्या टक्केवारीत मी स्वतः आपटलो. ओला तुकडा ९०० ग्रॅम, भट्टीत पूर्ण सुकवल्यावर ६००. किती टक्के पाणी? मी हात वर केला, तेहतीस. चूक. लाकूडवाले पाणी भागतात ते सुक्या वजनानं, म्हणून पन्नास. म्हणूनच काही ओल्या लाकडांचा ओलावा शंभर टक्क्यांच्या वर जातो. आयटीआयच्या वहीत हे सूत्र माझ्याच अक्षरात आहे, मी घरी जाऊन बघितलं.

झाडांच्या नावांचा शनिवार मात्र मला पुन्हा पुन्हा आठवतो. टीचरनी सांगितलं, आपापल्या लाकडांची इंग्रजी नावं काढून आणा. मला वाटलं होतं, इंग्रजी नाव म्हणजे काहीतरी टायवाल्या साहेबासारखं असणार. निघालं काय? भारतीय लाकडांच्या व्यापारी नावांत किंदळाला ‘किंडल’, हेदाला ‘हल्दू’, असाण्याला ‘बिजासाल’, जांभ्याला ‘इरुल’. म्हणजे कुठं हिंदी, कुठं तमिळ, कुठं आमचंच. नाण्याला ‘बेनटीक’ म्हणतात आणि ते सागाचं कुणी लागत नाही. ऐनाला ‘लॉरेल’, गोव्यात सरकारी फलकांवर माट्टी लिहिलेला तो, आणि लॉरेल नावाच्या युरोपातल्या झाडाशी त्याचं काही नातं नाही. जांभा म्हटलं की गोव्याबाहेरच्या माणसाला आधी चिऱ्याचा दगड आठवतो, तो गोंधळ वेगळाच.

त्या दिवशी टीचर रंगात आल्या. ‘टीक’ शब्द इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या ‘तेका’वरून घेतला, पोर्तुगीजांनी मलबारातल्या ‘तेक्क’वरून. ‘जॅकफ्रूट’मधला जॅक म्हणजे पोर्तुगीज ‘जाका’, तोही मल्याळम ‘चक्का’वरून. ‘कॅश्यू’ आणि आपला ‘काजू’ दोन्ही पोर्तुगीजांच्या हातून ब्राझीलच्या एका भाषेतून आलेले, झाडासकट. मग दोडामार्गवाल्यानं विचारलं, महाराष्ट्रात वनखात्याचा ‘कूप’ असतो, यंदा अमुक कूप तोडायचा म्हणतात, तो कुठला? तो तर संस्कृतच असणार, विहिरीचा. टीचर हसल्या. तोडणं या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून इंग्रजी वनशास्त्रात ‘कूप’ आला आणि तिथून आपल्या सरकारी मराठीत. वीस वर्षं तो माणूस फ्रेंच बोलत होता.

मला यातून काय मिळालं? भीती गेली, असं म्हणणं जास्त होईल. पण इंग्रजी नाव पुढ्यात आलं की हे कुणाच्या तरी गावचंच असणार असं वाटायला लागलं, आणि मग विचारायला लाज वाटेनाशी झाली.

घरी गोष्ट फुटली ती ‘स्टिकर’मुळे. दोन फळ्यांच्या मध्ये घालतात त्या पट्ट्यांना इंग्रजीत स्टिकर म्हणतात हे मी जेवताना मोठ्या कौतुकानं सांगितलं. बाबा म्हणाले, ‘आणि चिरेला?’ मी म्हणालो, चेक. बोलून गेलो आणि गप्प बसलो. बाबांनी भात कालवला. ‘म्हणजे त्या बार्देशवाल्यानं तेच विचारलं होतं.’ त्यांना तो मेल आठवत होता. मी वाचून दाखवला होता, फक्त माझ्या अर्थासकट. ‘मला इंग्रजी येत नाही,’ ते म्हणाले, ‘पण शब्द सांगितला असतास तर मी विचारलं असतं, चौकट मागणारा माणूस रंगाचं कशाला विचारेल?’ एवढंच. आईनं ताकाचं भांडं पुढं सरकवलं.

त्यानंतर मी प्रत्येक शनिवारचे शब्द रात्री बाबांना सांगायला लागलो. त्यांना पाठ करायचे नव्हते. ते फक्त चुका काढायचे. ‘वार्प’ म्हणजे वळणं, असं मी सांगितलं. ते म्हणाले, कसं वळणं? लांबीत धनुष्यासारखं? रुंदीत पन्हळीसारखं? की पीळ पडून? शोधलं तर तिन्हीला तीन शब्द निघाले, ‘बो’, ‘कप’ आणि ‘ट्विस्ट’. फळी तिच्या कडेच्या बाजूनं वाकली तर चौथा, ‘क्रुक’. टीचरनी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, बाबांनी. त्यांना इंग्रजी येतं? नाही.

शेवटचे चार शनिवार पत्रव्यवहाराचे. माझा सगळ्यात दुखरा भाग. आमची इंग्रजी पत्रं ‘रिस्पेक्टेड सर’नं सुरू होऊन ‘काइंडली डू द नीडफुल’नं संपायची आणि मध्ये नेमकं काय हवंय ते हरवायचं. कारखान्यातल्या एकाच्या कोटेशनमध्ये ‘प्लॅनिंग चार्जेस एक्स्ट्रा’ होतं. गिऱ्हाईक विचारत होतं, प्लॅन तर आमच्या आर्किटेक्टनं केलाय, तुम्ही कसले पैसे लावता? त्याला म्हणायचं होतं रंधा मारण्याचे. एक ‘एन’ जास्त पडला होता.

पण स्पेलिंगपेक्षा अवघड गेलं ते ‘नाही’ म्हणणं. आपल्याकडे गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाहीत. ‘बघूया’, ‘करूया’, ‘होऊन जाईल’. मराठी गिऱ्हाइकाला आवाजावरून कळतं की हे होणार नाहीये. लिहिलेल्या इंग्रजीत आवाज नसतो. ‘वुई विल ट्राय’ असं लिहिलं की समोरचा ते होकार म्हणून धरतो आणि तारीख मांडून बसतो. टीचर प्रत्येकाकडून एक वाक्य लिहून घ्यायच्या: काय जमणार नाही, का नाही, कधी जमेल. अकराही जणांनी पहिल्या वेळी ‘का नाही’ एवढंच लिहिलं, तेही अर्धं पान. त्यात काणकोणच्या मुलीचंही पान होतं.

सोळावा शनिवार झाला तेव्हा पावसाळा संपत आला होता. प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझं आडनाव चुकलंय.

ऑक्टोबरमध्ये मीच त्या आर्किटेक्टला मेल लिहिला. घराच्या मागच्या बाजूच्या खिडक्या राहिल्यात असं त्या राखणदाराकडून कळलं होतं. जुन्या मेलचा उल्लेख करावा की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा. आई म्हणाली, करू नकोस. बाबा म्हणाले, कर, त्याला आठवतच असणार. मी एका ओळीत केला: मागच्या वेळी तुमच्या अटी मी चुकीच्या वाचल्या, आता नीट वाचल्या आहेत. मग फळ्यांचं. फणस, दोन पावसाळे हवेवर सुकवलेला. ओलावा मीटरवर सोळा टक्के, मोजल्याची तारीख. काही फळ्यांना टोकाकडे दोन इंचांपर्यंत चेक्स आहेत, ते कापून टाकू. शेक्स नाहीत. दोन फळ्यांत गाठी आहेत, दोन्ही टाइट. बारा टक्के हवे असतील तर पावसाळ्यानंतर लगेच फक्त हवेवर ते होणार नाही. भट्टीत पाठवावं लागेल, त्याचा खर्च वेगळा, किंवा फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागेल, तेव्हा पुन्हा मोजून कळवू. रंधा मारण्याचे पैसे दरात धरलेत. ‘प्लेनिंग’ एका ‘एन’नं.

पाठवण्याआधी बाबांना वाक्य-वाक्य मराठीत सांगितलं. त्यांनी एकच बदल सांगितला, दोन इंच नको, तीन लिही, आतून थोडी पुढं गेलेली असते.

उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. एकच शब्द: ‘नोटेड.’

आम्ही दोघं त्या शब्दाकडे बघत बसलो. बाबा म्हणाले, ‘रागावला का?’ मी म्हटलं, माहीत नाही. हो म्हणतोय की नाही म्हणतोय? तेही माहीत नाही. सोळा शनिवारांत हा शब्द आला नव्हता. शेवटी टीचरना फोन लावला, मेल वाचून दाखवला, उत्तर सांगितलं. त्या तिकडून थोडा वेळ हसल्या.

‘म्हणजे वाचलं,’ त्या म्हणाल्या. ‘फळ्या झाकून ठेव, परतीचा पाऊस आहे.’